गणपतीत गाणी कुणाची लावायची?

प्रश्न : आमचं घर देवगड तालुक्यात आहे. गणपतीला चाकरमानी धरून पंचवीस-तीस माणसं घरात असतात. सासरे ७८ वर्षांचे. तरुणपणी वाडीच्या भजनात पेटी वाजवायचे. माझे यजमान ५२ वर्षांचे, त्यांना ऐंशी-नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी लागतात. मुलगा १९ वर्षांचा, रत्नागिरीला शिकतो. तो आणि त्याचे चुलतभाऊ रॅप आणि डीजेवरची गाणी लावतात, तीही भल्यामोठ्या ब्लूटूथ स्पीकरवर. गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी ठिणगी पडली. ‘ह्याला गाणं म्हणतात?’ असं म्हणून सासरे माजघरात जाऊन बसले, ते थेट आरतीलाच बाहेर आले. मुलाचं म्हणणं, आजोबांना नवीन काही चालतच नाही. गणपती आता दीड महिन्यावर आले आहेत. नव्या गाण्यांत खरंच काही उरलेलं नाही का? मुलाला आजोबांच्या गाण्याची गोडी लावता येईल का? आणि सासऱ्यांच्या भजनाच्या दहा-बारा कॅसेटी ट्रंकेत पडून आहेत, त्यांचं काही करता येईल का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : आधी एक हिशेब करू. गाण्याची आवड साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत घडते आणि त्यातही तेरा-चौदाव्या वर्षी कानावर पडलेली गाणी फार खोल रुजतात. पुढे आयुष्यभर माणूस त्याच गाण्यांच्या मापानं बाकीची गाणी जोखतो. या हिशेबानं तुमचे सासरे १९६० च्या आसपासचे, यजमान १९८७ च्या आसपासचे आणि मुलगा २०२० चा. या तीन सालांत गाणं घरात कोणत्या यंत्रातून येत होतं, ते पाहिलं की तुमच्या घरातलं भांडण निम्मं उलगडतं.

१९६० ला गाणं येत होतं रेडिओवरून. त्यासाठी पोस्टातून परवाना काढावा लागे आणि कोकणातल्या वाडीत रेडिओ असलंच तर एखाद्या घरी असे. १९५२ नंतर आकाशवाणीनं चित्रपटगीतं जवळजवळ बंदच केली होती, म्हणून लोक रेडिओ सिलोन लावत. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. गाणं कधी लागेल हे ऐकणाऱ्याच्या हातात नव्हतं. लागलं की पडवीत बसलेले सगळे ते शेवटपर्यंत ऐकत. त्या काळची मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच वाजायची, त्यामुळे मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यांचे तुकडे तेवढ्यात बसवावे लागत. सासऱ्यांना ‘नेटकं’ वाटतं ते गाणं त्या तबकडीच्या मापाचं आहे.

१९८७ ला कॅसेट आली होती. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी (ती १९८३ ची) कॅसेटी स्वस्त केल्या आणि थोड्या प्रती खपल्या तरी परवडू लागलं. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी कधी विचारलं नसतं अशी भजनं, कोळीगीतं, लोकगीतं बाजारात आली. कॅसेटवर एखादं गाणं टाळायचं तर बटण दाबून अंदाजानं पुढं पळवावं लागे. तो त्रास नको म्हणून लोक एक बाजू पूर्ण ऐकत आणि न आवडणारं गाणंही दहाव्या वेळेला ओळखीचं होऊन जाई. वारंवार कानावर पडलं की आवडायला लागतं, हे मानसशास्त्रज्ञ झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलंच आहे.

२०२० चं गाणं फोनवर आलं. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षीच्या ‘सैराट’ची गाणी तुमच्या मुलानं दहाव्या वर्षी लग्नावरातीत ऐकली असणार, आणि पहा, ती त्याला आजही चालत असतील. पुढे टाळेबंदी आली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच पुढच्या महिन्यात रील्स सुरू झाले. गाणं पंधरा ते तीस सेकंदांच्या तुकड्यानं भेटायला लागलं. नाही आवडलं तर अंगठ्यानं पुढे. अशा ऐकणाऱ्याला अर्धा मिनिट सतारीची सुरुवात देऊन चालत नाही. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात दिसलं की आवाज सुरू होण्याआधीचं वाद्यसंगीत १९८० च्या दशकाच्या मध्याला वीस सेकंदांहून जास्त असे, ते २०१५ पर्यंत पाच सेकंदांवर आलं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. मग गाणारा पहिल्या पाच सेकंदांतच पकडणार. मुलाच्या गाण्याला ‘सुरुवातच नाही’ असं सासऱ्यांना वाटतं, त्याचं कारण हे आहे.

नव्या गाण्यांत काही उरलेलं नाही का, याचं उत्तर असं की सासऱ्यांची एक तक्रार खरी आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या चार लाखांहून जास्त ध्वनिमुद्रणांवर (१९५५ ते २०१० मधल्या) २०१२ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात आवाजाची पातळी सतत वाढत गेल्याचं आणि स्वरांच्या जोडण्यांतलं वैविध्य कमी झाल्याचं दिसलं. हिंदी-मराठी गाण्यांतही नव्या ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठा यांतला फरक दाबून सगळंच सारख्या जोरात ठेवलेलं असतं. अशी चार गाणी लागोपाठ ऐकली की म्हाताऱ्या कानाला थकवा येतो. पण ‘आमच्या वेळचं सगळंच चांगलं’ हे मात्र खरं नाही. त्या वेळची टाकाऊ गाणी विसरली गेली, चांगली तेवढी राहिली. आज आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो, त्याच काळातली चित्रपटगीतं त्या वेळच्या आकाशवाणीला हलकी वाटत होती. आणि सासऱ्यांची पेटी? ती मूळची युरोपातली. आकाशवाणीवर १९४० पासून तीन दशकं पेटीला बंदी होती, कारण तिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही आणि ती परकी आहे असं जाणत्यांचं मत होतं. कोकणातल्या भजनानं ते मत मनावर घेतलं नाही आणि आज पेटीशिवाय भजन उभं राहत नाही. हे सासऱ्यांना सुनावण्यासाठी वापरू नका. मुलाला मात्र जरूर सांगा. आजोबांचं वाद्यही एकेकाळी ‘ह्याला संगीत म्हणतात?’ या प्रश्नातून गेलंय हे त्याला कळू दे.

आता गोडी लावण्याबद्दल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या क्रुमहान्सल आणि त्यांचे सहकारी झुपनिक यांचा २०१३ मधला एक अभ्यास इथे फार उपयोगी आहे. विशीतल्या मुलांना त्यांनी वेगवेगळ्या दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या वयाच्या गाण्यांशी मुलांचं नातं होतंच. पण आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांपाशी ओळख आणि आवड पुन्हा वर चढली आणि त्याआधीच्या, १९६० च्या दशकातल्या गाण्यांपाशीही चढली. मोठ्यांची गाणी मुलांना कुणी शिकवली नव्हती. ती घरात, गाडीत वाजत होती आणि मुलं तिथे होती, एवढंच.

म्हणून आमचं ठाम मत आहे की एका पिढीची गाणी पुढच्या पिढीत जातात ती सगळ्यांना ऐकू येईल अशी घरात वाजल्यामुळे. तुमच्या घरात आज अडचण मुलाच्या रॅपची नाही. वर्षातले साडेतीनशे दिवस आजोबांचा कान टीव्हीला, वडिलांचा फोनला आणि मुलाचा इअरफोनला असतो. एकमेकांचं गाणं कुणाच्याच कानावर पडत नाही. मग गणपतीत ते एकदम, एकाच स्पीकरवर, मोठ्यानं आदळतं. ओळख नसलेलं गाणं मोठ्यानं आलं की ते कुणालाही गोंगाटच वाटतं.

त्यामुळे पहिलं काम स्पीकरचं. यावर अर्धा तास घालवाल तर गेल्या वर्षीचं निम्मं भांडण होणारच नाही.

वय वाढतं तसे आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, क, प ही व्यंजनं त्याच भागात येतात, त्यामुळे गाणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. त्यात हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र नेहमीपेक्षा जास्त बोचतो. या दोन्ही गोष्टी एकाच कानात होतात. पार्टीसाठीच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये खर्ज मुद्दाम वाढवलेला असतो आणि हा खर्ज शब्दांना झाकून टाकतो. सासऱ्यांच्या वाट्याला नुसती धडधड येते. ‘ह्याला गाणं म्हणतात?’ हा प्रश्न त्यांच्या कानापुरता अगदी रास्त आहे.

स्पीकर जमिनीवर, भिंतीला टेकून किंवा कोपऱ्यात ठेवू नका. तिथे खर्ज फुगतो, पत्रे आणि कपाटाच्या काचा थरथरतात. स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीला आणि भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ठेवा. बेस बूस्टचं बटण बंद करा. फोनमधल्या इक्वलायझरमध्ये ६० ते १२५ हर्ट्‌झच्या पट्ट्या ४ ते ६ डेसिबलनं खाली आणि २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या २-३ डेसिबलनं वर घ्या. रॅप ऐकणाऱ्यांनाही यात तोटा नाही, कारण त्या गाण्याचा जीव शब्दांत असतो. मग सासऱ्यांच्या खुर्चीवर फोन धरून आवाज मोजण्याच्या ॲपनं पातळी पहा. ॲप अचूक नसतं, पण अंदाजाला पुरतं. ६५ ते ७० डेसिबलच्या पुढे जाऊ नका. ॲप नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो का, ते पहा. लागत असेल तर पातळी ८५ च्या आसपास आहे आणि ती कुणाच्याच कानाला बरी नाही. ८५ डेसिबल दिवसाला आठ तास ही अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेनं कामाच्या ठिकाणासाठी सुचवलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. इअरफोन लावणाऱ्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

जुनं ध्वनिमुद्रण हळू असतं आणि नवं जोरात. आजोबांच्या गाण्यासाठी आवाज वाढवलेला असताना पुढचं गाणं नातवाचं आलं की सगळे दचकतात आणि दोष गाण्याला जातो. गाण्यांच्या बहुतेक ॲपमध्ये सगळ्या गाण्यांची पातळी सारखी ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा. पेन ड्राइव्हवरून वाजवणार असाल तर ही सोय मिळत नाही. मग आवाजाच्या बटणापाशी एका माणसाला बसवावं लागेल.

सासऱ्यांना श्रवणयंत्र असेल तर गणपतीआधी ऑडिओलॉजिस्टकडून त्यात संगीतासाठीचा प्रोग्राम घालून घ्या. बोलणं ऐकण्यासाठीच्या प्रोग्राममध्ये शिट्टी रोखण्याची सोय असते. पेटीचा लांबलेला सूर त्या सोयीला शिट्टीसारखा वाटतो आणि ती तो मोडून टाकते; सूर थरथरतो. पेटी बेसूर वाटते म्हणून पेटी सोडलेली माणसं यामुळेही असतात. यंत्र नसेल तर निदान कानातला मळ एकदा डॉक्टरांकडून पाहून घ्या.

आता वेळेची वाटणी. ‘अर्धा तास तुझा, अर्धा तास माझा’ अशी वाटणी टिकत नाही, कारण मग प्रत्येक जण दुसऱ्याचा अर्धा तास संपायची वाट बघत बसतो. दिवसातल्या कामाला गाणं जोडा. सकाळी पूजा होईपर्यंत सासऱ्यांच्या पसंतीचं, हळू. संध्याकाळी चार ते सहा मुलांचं, खळ्यात (अंगणात), स्पीकरचं तोंड घराकडे न करता मोकळ्या बाजूला. त्यांनी काय लावायचं यावर माटवीसमोर (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीसमोर) शिव्या नकोत एवढीच एक अट ठेवा; दुसरी घालू नका. आरतीनंतर स्पीकर बंद आणि भजन. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे, आणि घराबाहेर, वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हे मुलांना आधीच सांगा. ऐन वेळी सांगितलं की तो आजोबांचा हुकूम वाटतो.

राहिली दुपार, स्वयंपाकघराची. तुमच्या पत्रात सासरे, यजमान आणि मुलगा यांची आवड आहे, तुमची कुठेच नाही. मोदकाच्या उकडीपासून भजनी मंडळींच्या उसळीपर्यंत सगळं ज्या खोलीत होतं, तिथे काय वाजावं हे तुम्ही आणि जावांनी ठरवा. आणखी एक. गौरीच्या फुगड्यांची गाणी सासूकडून सुनेकडे तोंडी येतात. तुमच्या घरच्या गाण्यांची कॅसेट नसेल, रीलही नसेल. घरातली एखादी आजी-काकू ती म्हणत असेल तर दुपारी पंखा आणि मिक्सर बंद करून, फोन तिच्यापासून दीड-दोन फुटांवर कापडाच्या घडीवर ठेवून ध्वनिमुद्रण करा. पहिल्यांदा तिला नुसते शब्द सांगू द्या, मग चालीत म्हणू द्या. सासऱ्यांच्या कॅसेटींपेक्षा ही गाणी आधी नाहीशी होतील, म्हणून हे काम वर घ्या.

आरतीआधीचा पाऊण तास सगळ्यांचा ठेवा. यात घाई करू नका. तुमच्या घराला फरक पडेल तो इथेच. चार माणसांनी तीन-तीन गाणी द्यायची: सासरे, यजमान, तुम्ही, मुलगा. बारा गाणी, प्रत्येकी साधारण चार मिनिटं, म्हणजे पाऊण तास भरतो. गाणी आठवडाभर आधी मागून घ्या. सासऱ्यांना ‘तुमची आवडती गाणी सांगा’ असं विचारलं तर ते ‘काहीही लाव’ म्हणतील. त्यापेक्षा ‘शाळा सुटली त्या वर्षी रेडिओवर काय लागायचं?’ असं विचारा. साल आणि जागा दिली की गाणं आठवतं. गाणं लागण्याआधी ज्याचं ते गाणं त्यानं एक-दोन वाक्यांत सांगायचं, पहिल्यांदा कुठे ऐकलं आणि त्यातलं काय ऐकायचं. मुलासाठी हे फार महत्त्वाचं आहे. रॅपमध्ये यमक ओळीच्या शेवटी येतं तसं ओळीच्या पोटातही येतं. ते एकदा दाखवून दिलं की भजनाच्या बाऱ्या ऐकलेल्या माणसाला ते पटकन कळतं. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळींच्या सामन्यात, समोरच्या बुवाला (मुख्य गायकाला) शब्दांत पकडणं सासऱ्यांनी आयुष्यभर ऐकलंय.

गाणं पूर्ण वाजेल, मध्ये कुणी पुढे ढकलणार नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. क्रम लावताना पिढीनुसार लावू नका, लयीनुसार लावा. संथ गाण्यामागून एकदम वेगवान आलं की उठून जाणारे उठतात. केरव्यातलं (आठ मात्रांच्या तालातलं) जुनं गाणं संपलं की त्याच लयीवर डोलणारं नवं येऊ द्या. रिमिक्स मात्र या पाऊण तासात नको. वयस्क माणसाच्या आठवणीत गाण्यासोबत ते नेमकं ध्वनिमुद्रणही बसलेलं असतं. सुरुवातीची बासरी, गायिकेचा श्वास, अंतऱ्याआधीची थाप यांतलं काही हललं की त्याला गाणं मोडल्यासारखं वाटतं. शोधताना हमखास कुणीतरी नव्यानं गायलेली आवृत्ती वर येते, म्हणून गायक, चित्रपट, साल आणि लांबी पाहून घ्या. सगळी गाणी आधीच फोनवर उतरवून ठेवा. गणपतीत गावातलं नेटवर्क चाकरमान्यांनी भरून जातं, वीजही जाते, आणि ऐन अंतऱ्यात जाहिरात लागली की सगळा रंग जातो. फोन विमान मोडवर टाका, ब्लूटूथ तेवढं चालू ठेवा.

पहिल्या संध्याकाळी मुलं अवघडतील, फोन काढतील. काढू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच बारा गाणी पुन्हा लावा, फार तर दोन बदला. रोज नवी यादी करण्याचा मोह आवरा. आवड पुनरावृत्तीनं लागते.

आता कॅसेटी. हे काम मुलाकडे सोपवा, आणि यामागे आमचा एक हेतू आहे. कॅसेट संगणकावर उतरवायची तर तिच्या मूळ वेगानंच वाजवावी लागते. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं बसावंच लागतं. बुवा कोण, पखवाजावर कोण, कुणाच्या घरचं भजन, हे सासऱ्यांशिवाय कुणी सांगू शकणार नाही. तेवढा तास दोघांना शेजारी बसावं लागेल. ‘आजोबांचं ऐक जरा’ असं सांगून हे होत नाही, आणि तांत्रिक काम मुलाला येतं.

पण पावसात घाई करू नका. समुद्राकाठच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून फितीची गुंडाळी पहा. कडेला पांढरे ठिपके किंवा पूड दिसली तर ती कॅसेट वाजवू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा. ती वाजवली तर घाण टेपरेकॉर्डरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून चांगल्या कॅसेटींवर जाते. बाकीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवा. उन्हात वाळवू नका, फीत वाकडी होते. या गणपतीआधी सर्वांत बऱ्या दिसणाऱ्या दोनच कॅसेटी घ्या, उरलेल्या दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर.

टेपरेकॉर्डर धड चालणारा हवा. स्वस्त, प्लास्टिकची, थेट यूएसबीला लागणारी कॅसेट-यंत्रं मिळतात, ती टाळा; त्यांचा वेग डोलतो आणि भजनातला लांब सूर लगेच हलल्याचा कळतो. जुन्या डेकचे रबरी पट्टे सैल झालेले असतात, ते दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. हेड आणि धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा; काडी तपकिरी निघायची थांबेपर्यंत काड्या बदला. रबरी चाक साबणाच्या पाण्यानं पुसून पूर्ण कोरडं करा. कॅसेटच्या तोंडाशी फितीमागे नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो जुन्या कॅसेटींत गळून पडतो आणि मग आवाज दबका येतो. नको असलेल्या दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवता येतो. फीत तुटली असेल तर साधा सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पसरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. फीत जोडायची खास पट्टी मिळते, तीच वापरा. कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून मागच्या कडेच्या दोन्ही बारीक जिभा आधीच तोडून टाका. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे पळवून घ्या, म्हणजे आवळलेले वेढे मोकळे होतात.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन-इनला जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जोडाल तर आवाज फाटतो. संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट ठेवा आणि शेवटी नामाचा गजर चढतो तिथेही पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असं आधी वाजवून पहा, कारण भजन संथ सुरू होतं आणि शेवटी फार वर जातं. सुरुवात ऐकून पातळी लावली तर गजर हमखास फाटतो. तासाची डब्ल्यूएव्ही फाइल सुमारे ६०० एमबी होते, ती मूळ म्हणून दोन ठिकाणी जपा. वाटायला १९२ केबीपीएसची एमपी३ काढा, ती साधारण ८५ एमबीत बसते. खरखर काढण्याचं साधन जपून वापरा, फार ओढलं तर झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

वेग बरोबर आहे की नाही, हे तपासायला तुमच्या घरी सर्वांत चांगलं साधन आहे: सासऱ्यांची पेटी. कॅसेटवरचा षड्ज (सा) पेटीवर शोधायला सांगा. तो दोन पट्ट्यांच्या मधेच पडत असेल तर वेग चुकलाय. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे पडला तर वेगात सुमारे ३ टक्के फरक आहे. सॉफ्टवेअरमध्ये वेग तेवढा बदलला की सूर पट्टीवर येतो. बुवा त्या काळी कोणत्या पट्टीत गात, हे सासऱ्यांना नक्की आठवेल, आणि नातवाला ते लिहून घ्यावं लागेल.

कॅसेटी ऐकताना मुलाला एक गोष्ट शोधायला सांगा: कोणत्या गजराला किंवा गौळणीला कोणत्या सिनेमाची चाल लावलीय. सिंधुदुर्गातल्या भजनात हे फार वर्षांपासून चालत आलंय. रूपावली आणि अभंग जुन्या वळणानं जातात, पण गौळण-गजरात बुवा त्या त्या वर्षी गाजलेली चाल उचलतात, म्हणूनच दर पिढीतली तरुण मुलं टाळ घेऊन मागे उभी राहिली. मुलाला ती मूळ गाणी शोधून सासऱ्यांना ऐकवू द्या. आजोबांच्या वेळचं भजन त्या वेळची नवी गाणी पोटात घेत होतं, हे दोघांनाही कॅसेटवरूनच दिसेल, आणि तुम्हाला त्यावर काही बोलावं लागणार नाही.

यंदा वाडीचं भजन घरी येईल तेव्हा मुलाला टाळ द्या, पेटी-पखवाजापाशी ढकलू नका. आधी नुसती सम (तालाची पहिली मात्रा) पकडता येते का ते पाहू दे. पहिल्याच वर्षी सगळ्यांसमोर गायला लावलं की मुलं दुसऱ्या वर्षी भजनाच्या वेळी गायब होतात. बुवांना आधी एक निरोप द्या की शेवटचा गजर जरा खालच्या पट्टीत घ्या, कारण चढ्या पट्टीत घरातल्या कुणालाच तोंड उघडता येत नाही आणि ७८ व्या वर्षी वरचे सूर लागत नाहीत. दोन पट्ट्या खाली उतरलं तर सासरेही गातील. आणि मुलानं स्वतःहून पखवाजाबद्दल विचारलं, तरच गणपती झाल्यावर बुवांकडे पाठवा. सुरुवातीला रोज वीस मिनिटं हात बसवणं पुरे, आणि रत्नागिरीच्या खोलीवर शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून उशीवरही तेवढा सराव होतो.